आधी ऐकावे, मग उघडावे

मडके विकत घेताना ते टिचकी मारून वाजवून पाहावे, ही रीत घरोघरी ठाऊक आहे. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कोठेतरी तडा आहे असे समजून ते बाजूला ठेवले जाते. बैलगाडीच्या आसाला वंगण कमी पडले की गाडीवानाला ते चाकाच्या कुरकुरीवरून कळते. त्यासाठी त्याला चाक काढून पाहावे लागत नाही. बैल लंगडू लागला तर जाणता शेतकरी प्रथम तो कोणत्या पायाने लंगडतो, चढावर लंगडतो की उतारावर, सकाळी लंगडतो की दिवसभराच्या कामानंतर, हे पाहतो आणि मगच उपचाराचा विचार करतो. लक्षण आधी व उपचार नंतर, हा क्रम शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे.

परंतु हाच शेतकरी ट्रॅक्टरचा मालक झाला म्हणजे हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. ट्रॅक्टर निराळा आवाज करू लागला की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर “चालतो आहे ना, मग चालू द्या” असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. नाही तर कोणतीही विचारपूस न करता गिअरबॉक्स उघडण्याची घाई होते. पहिल्या वाटेने लहान दोषाचा मोठा दोष होतो. दुसऱ्या वाटेने नसलेल्या दोषासाठी पैसा आणि हंगाम हे दोन्ही खर्ची पडतात. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : आवाज ऐकला जातो, पण तो समजून घेतला जात नाही.

एका चुकीची किंमत

उदाहरण म्हणून असा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस आहेत. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात ही पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी लागते, कारण पुढे सारे पीक जमिनीत साठलेल्या ओलीवरच काढावयाचे असते. जमिनीला वाफसा आला आहे. अशा वेळी रोटाव्हेटर चालविताना ट्रॅक्टरच्या मागील बाजूने खडखड ऐकू येऊ लागते. मालक घाबरतो, गिअरबॉक्स गेला असे ठरवितो, आणि ट्रॅक्टर तालुक्याच्या गावी नेऊन उभा करतो. तेथे ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग केले जातात. गिअर पाहिले जातात; ते चांगले असतात. शेवटी असे आढळते की, ट्रॅक्टर व रोटाव्हेटर यांना जोडणाऱ्या दांड्याच्या क्रॉसचे बेअरिंग झिजले होते. हा भाग शेताच्या बांधावर, यंत्र बंद करून, दांडा हाताने हलवून पाहिला असता तर काही मिनिटांत कळला असता. तोवर वाफसा निघून गेलेला असतो. मजुरी भरून काढता येते. वाफसा भरून काढता येत नाही.

असा प्रसंग कोणत्याही गावात घडण्यासारखा आहे. तो टळावा यासाठी शेतकऱ्याने यंत्रकामाचा कारागीर व्हावे अशी कोणाचीही अपेक्षा नाही. अपेक्षा एवढीच की, कारागिराकडे जाण्यापूर्वी आवाजाची नीट चौकशी व्हावी.

आवाजाला विचारावयाचे पाच प्रश्न

आवाज कसा आहे, हा प्रश्न सर्वजण प्रथम विचारतात. वास्तविक तो सर्वांत कमी उपयोगाचा आहे. एकाला जी घरघर वाटते ती दुसऱ्याला खरखर वाटते. शिवाय ट्रॅक्टरचे सांगाडे ओतीव लोखंडाचे असल्याने आवाज एका टोकाचा दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे महत्त्वाचे. खालील पाच प्रश्न क्रमाने विचारल्यास बराच उलगडा होतो.

पहिला प्रश्न : अवजार सोडल्यावर आवाज राहतो काय? दुसरा प्रश्न : ट्रॅक्टर उभा असताना आवाज येतो काय? तिसरा प्रश्न : क्लच दाबल्याने आवाजात काय फरक पडतो? चौथा प्रश्न : तो एकाच गिअरमध्ये येतो की सर्व गिअरमध्ये? पाचवा प्रश्न : ओढ असताना, ओढ सुटल्यावर आणि वळताना तो सारखाच राहतो की बदलतो?

या प्रश्नांमागील कारण समजण्यास इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कोणत्या मार्गाने जाते हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. इंजिनाची शक्ती फ्लायव्हीलवरून क्लचकडे, क्लचकडून गिअरबॉक्सकडे, तेथून क्राउन-पिनियन व डिफरन्शियलकडे, आणि शेवटी वेग कमी करणाऱ्या मोठ्या गिअरवरून मागील आसाकडे व चाकाकडे जाते. पीटीओची शाखा वाटेत वेगळी होते. प्रत्येक प्रश्नाने या मार्गाचा एकेक तुकडा थांबविला जातो किंवा वेगळा केला जातो. तुकडा थांबताच आवाज थांबला, तर दोष त्या तुकड्यात किंवा त्याच्या पुढे आहे. पाटाचे पाणी कोठे गळते हे शोधण्यासाठी शेतकरी एकेक बारे बंद करून पाहतो. हाही तोच न्याय आहे.

अवजार सोडून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे आणि तीच बहुधा वगळली जाते. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, फवारणी यंत्र यांना स्वतःचे गिअर, साखळ्या व बेअरिंगे असतात. त्यांचा आवाज ट्रॅक्टरच्या नावावर जमा होतो. अवजार सोडल्यावर ट्रॅक्टर शांत झाला, तर ट्रॅक्टर उघडण्याचे कारण उरत नाही. जोडदांड्याच्या दोन्ही क्रॉसमध्ये खेळ आहे काय, वंगण दिले गेले आहे काय, हे मग पाहावे. दांडा चौकोनी असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. दोन्ही आतील काटे एकाच रेषेत असले पाहिजेत. दांडा ओढून वेगळा केल्यावर परत बसविताना तो पाव फेऱ्याने चुकीचा बसला, तर त्याची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्याला हिसका बसून खडखड व थरथर सुरू होते. येथे कोणताही भाग मोडलेला नसतो. केवळ जोडणी चुकलेली असते. तसेच पीटीओ चालू ठेवून अवजार फार उंच उचलले तर दांड्याचा कोन वाढतो आणि तो बडबडू लागतो. शेताच्या टोकाला वळताना अवजार उचलण्यापूर्वी पीटीओ बंद करण्याची सवय लावल्यास हा आवाजही जातो आणि क्रॉसचे आयुष्यही वाढते.

आता क्लचची परीक्षा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हातब्रेक लावावा, पीटीओ बंद करावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन मंद चालू ठेवावे. पाय क्लचवर नसताना घरघर येते आणि क्लच पूर्ण दाबताच ती थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढील दांड्याच्या किंवा त्याबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. कारण क्लच दाबल्यावर हेच भाग फिरावयाचे थांबतात. याउलट, पाय काढलेला असताना शांत असलेला ट्रॅक्टर क्लचला नुसता भार देताच शीळ घालू लागला किंवा करकरू लागला, तर क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे पाहावे. क्लच पूर्ण तळापर्यंत दाबल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलमध्ये बसविलेले लहान पायलट बेअरिंग दोषी असण्याचा संभव आहे. ही परीक्षा करावयास एकही पाना लागत नाही.

रिलीज बेअरिंग लवकर झिजण्याचे कारण पुष्कळदा चालकाच्या पायात असते. क्लचवर पाय टेकवून ट्रॅक्टर चालविण्याची सवय फार ठिकाणी दिसते. त्यामुळे जे बेअरिंग केवळ गिअर बदलताना फिरावयाचे, ते दिवसभर फिरत राहते. पेडलला मोकळा खेळ असणे जरूर आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत तो साधारण २० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा ज्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. हा खेळ फार कमी झाला तर क्लच घसरतो. फार वाढला तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना ते खरडल्याचा आवाज होतो. हा आवाज ऐकून गिअरचे दात गेले असे समजले जाते. पण दोष अनेकदा केवळ पेडलच्या जुळणीत असतो. जुळणी वेळीच केली नाही तर मात्र खरडून खरडून दात खरोखरच जातात.

चौथ्या प्रश्नासाठी मोकळ्या, सपाट जागेत रिकामा ट्रॅक्टर एकेका गिअरमध्ये थोडा थोडा चालवून पाहावा. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरच्या दातांत किंवा त्याच्या आधारात दोष आहे. लो गटातील सर्व गिअरमध्ये येतो आणि हाय गटात येत नाही, तर वेगाचे गट बदलणाऱ्या भागात तो असावा. सर्वच गिअरमध्ये येत असेल तर प्रथम तेलाची पातळी पाहावी. हायड्रॉलिकने अवजार उचलताना शीळ वाढत असेल, तर तो आवाज गिअरचा नसून हायड्रॉलिक पंपाचा आहे. तेल कमी असणे किंवा गाळणी तुंबणे ही त्याची नेहमीची कारणे होत. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असल्याने ही दोन्ही दुखणी एकमेकांसारखी भासतात.

पाचवा प्रश्न मागील भागाविषयी आहे. ओढ असताना घूंऽऽ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडताच तो बदलतो किंवा जातो, तर क्राउन-पिनियनची बसणी किंवा पिनियनची बेअरिंगे तपासून घ्यावी. सरळ जाताना शांत आणि वळतानाच टकटक येत असेल, तर डिफरन्शियलमधील लहान गिअरकडे लक्ष द्यावे. परंतु त्यापूर्वी डिफरन्शियल लॉक अडकून राहिलेला नाही ना, हे पाहावे. हा लॉक चिखलात एक चाक फिरू लागल्यावर सरळ रेषेत जाण्यापुरताच लावावयाचा असतो. तो लागलेला असताना वळल्यास चाके खरडतात, स्टिअरिंग जड होते आणि आतील भागांवर अवाजवी ताण पडतो. चार चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरांबाबतही हीच दक्षता हवी. त्यांची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे ओढणारी असतात. शेताच्या मऊ जमिनीत हा फरक मुरतो. डांबरी रस्त्यावर तो मुरत नाही, आणि मग हिसके व कटकट सुरू होतात. रस्त्यावर पुढील चाकांची शक्ती सोडून द्यावी, म्हणजे हा आवाज दुरुस्तीवाचून जातो.

खडूची खूण

ठराविक अंतराने ठक् ठक् असा ठोका येत असेल तर एक साधी युक्ती उपयोगी पडते. मागील चाकावर खडूने एक खूण करावी. चालकाने ट्रॅक्टर अगदी सावकाश चालवावा. दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावरून चालत जाऊन चाकाच्या एका फेऱ्यात किती ठोके येतात ते मोजावे. सामान्य आकाराच्या ट्रॅक्टरच्या मागील चाकाचा घेर सुमारे चार मीटर असतो. ताशी चार किलोमीटर वेगाने त्याला एक फेरा करण्यास साडेतीन ते पावणेचार सेकंद लागतात, म्हणून ठोके मोजणे कठीण नाही.

एका फेऱ्यात एकच ठोका येत असेल तर दोष चाकात, चाकाच्या नटांत, आसात किंवा आसावरील मोठ्या गिअरमध्ये शोधावा. एका फेऱ्यात चार, पाच किंवा सहा ठोके येत असतील तर शोध क्राउनच्या बाजूस न्यावा, कारण पुष्कळ ट्रॅक्टरांत क्राउन चाकापेक्षा सुमारे तितक्या पटीने अधिक फिरतो. ठोके मोजता न येण्याइतके भरभर असतील तर दोष आणखी पुढे, पिनियन किंवा गिअरबॉक्सकडे आहे. चाकाचे नट ढिले असणे हे या ठोक्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोक्याचे कारण होय. ते प्रथम तपासावे. त्याचप्रमाणे ट्रॅक्टर सुरू होताना किंवा थांबताना एकदाच येणारा ठोका ट्रॉलीच्या पिनेचाही असू शकतो.

तेलाची साक्ष

केवळ कानावर सर्व भिस्त ठेवणे बरोबर नाही. आवाज सांगतो ते तेलाने ताडून पाहावे. सपाट जागी, अवजार खाली टेकवून, थोडा वेळ थांबून तेलाची पातळी मोजावी. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. कोकणात किंवा पूर्व विदर्भात भाताच्या चिखलणीनंतर हे तपासणे विशेष जरूर आहे. तेल काढण्याच्या बुचावर लोहचुंबक असल्यास त्यावर बारीक करडा लगदा जमलेला दिसतो; तो नेहमीच्या झिजेचा असतो. त्यात चकत्या किंवा दातांचे तुकडे आढळले तर मात्र ट्रॅक्टर पुढे चालवू नये. तेल कमी आहे म्हणून हाताशी असेल ते तेल ओतणे हाही एक दोषच आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे.

प्रत्येक आवाज दोषाचा नसतो हेही खरे. सरळ दातांचे गिअर थोडे गातातच. म्हणून ट्रॅक्टर निरोगी असतानाचा आवाज ओळखून ठेवणे ही सर्व परीक्षांची पहिली पायरी होय. ज्याला निरोगी आवाज ठाऊक नाही, त्याला आजारी आवाज ओळखता येणार नाही. आवाज कित्येक महिन्यांपासून एकसारखा असेल तर तो नोंदवून ठेवून सवडीने दाखविता येतो. परंतु आवाज दिवसागणिक वाढत असेल, त्यासोबत हिसका, जळका वास, हात लावता येणार नाही इतकी उष्णता किंवा तेलगळती असेल, तर त्याच क्षणी यंत्र थांबवावे. तेवढी तास संपवून घेऊ, हा विचार येथे घातक ठरतो.

आणि एक नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. आवाज शोधण्यासाठी फिरत्या दांड्याजवळ जाऊ नये. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे करतो. उपरण्याचे टोक, धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा ओढणी त्यात सापडली तर ओरडण्याइतकाही अवसर मिळत नाही. दांड्यावरील आवरण आवाज करते म्हणून काढून फेकलेले पुष्कळ ठिकाणी दिसते. आवाजाचा हा उपाय नव्हे. हात लावून जे पाहावयाचे ते इंजिन बंद करून, किल्ली काढून, दांडा पूर्ण थांबल्यावरच पाहावे. चाक उचलून पाहावयाचे असेल तर पुढील चाकांना अडसर लावावा, दगडांच्या थरावर न विसंबता भक्कम घोडी लावावी, आणि हे काम कारागिराच्या सोबतीनेच करावे. उतारावर न्यूट्रल टाकून आवाज ऐकण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

चालकाचे बोलणे ऐकावे

येथवर सांगितलेले सर्व काम कान उघडे असणारा कोणीही करू शकतो. असे असता आवाजाची बातमी इतकी उशिरा का पोहोचते, याचा विचार अवश्य झाला पाहिजे. ट्रॅक्टरचा आवाज प्रथम चालकाच्या कानी पडतो, मालकाच्या नव्हे. आज पुष्कळ ट्रॅक्टर पगारी चालक चालवितात. २०१४-१५ पासून केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना साहाय्य मिळू लागले. अशा केंद्रांत तर एकच ट्रॅक्टर अनेकांच्या हाती जातो. चालकाने येऊन आवाज येतो असे सांगितले की पहिला प्रश्न “काय केलेस?” असा येतो. कधी मजुरी कापली जाते, कधी सर्वांदेखत दूषण मिळते. दोन वेळा असे घडले की तिसऱ्या वेळी चालक गप्प बसतो. यंत्र बोलत राहते, चालक ऐकत राहतो, आणि मालकाला मात्र दात तुटल्यावर कळते.

हा दोष यंत्राचा नाही, माणसांतील व्यवहाराचा आहे, आणि त्याची दुरुस्ती कोणत्याही कारखान्यात होत नाही. ती मालकाने आपल्या अंगणात करावयाची आहे. निष्काळजीपणाची चौकशी जरूर व्हावी. पण आवाजाची बातमी आणणाऱ्याला बातमीबद्दल शिक्षा होऊ नये. लवकर सांगणारा चालक हा मालकाचा पैसा वाचवितो, हे मालकाने उघडपणे बोलून दाखवावे. काही म्हणतील की, अशाने चालक ऊठसूट तक्रारी आणतील आणि काम खोळंबेल. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु वर सांगितलेले पाच प्रश्न चालकालाच विचारावयास शिकविले तर पोकळ तक्रार पाच मिनिटांत गळून पडते आणि खरी तक्रार पुराव्यासह पुढे येते.

यासाठी ट्रॅक्टरबरोबर एक लहान वही असावी. तीत चार शब्द लिहिणे पुरे : “१२ ऑक्टोबर. नांगर जोडलेला. लो दुसऱ्या गिअरमध्ये ओढ असताना घूं आवाज. क्लच दाबल्यावर बंद. कालपासून. तेल पातळीत.” एवढी नोंद घेऊन गेलेल्या मालकाला कारागीर निराळ्या रीतीने वागवितो, कारण काय उघडावे आणि काय उघडू नये हे त्यालाही कळते. प्रामाणिक कारागिराला अशी वही साहाय्य करते. आणि अनावश्यक भाग बदलू पाहणाऱ्याला ती आवर घालते. चालकाला लिहिता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने त्याच्या सांगण्यावरून लिहावे. हल्ली बहुतेकांच्या हाती असलेल्या फोनवर, यंत्रापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, आवाज नोंदवूनही घेता येतो. मात्र तो केव्हा येतो हे शब्दांत सांगितल्यावाचून त्या नोंदीचा अर्थ लागत नाही.

विस्तार कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलण्याची गरज आहे. यांत्रिकीकरणाचा हिशेब बहुधा किती यंत्रे आली यावरून मांडला जातो. किती यंत्रे हंगामात एकही दिवस बंद पडली नाहीत, हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टरच्या प्रशिक्षणासाठी केंद्र स्थापन झाले. म्हणजे यंत्र देण्याबरोबर माणूसही शिकविला पाहिजे, हा विचार या देशात नवा नाही. परंतु गावातील प्रत्येक चालक अशा संस्थेपर्यंत पोहोचू शकत नाही. तेव्हा संस्थेतील शिक्षणाचा निदान एक घोट गावापर्यंत नेणे हे विस्तार कार्याचेच काम ठरते.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. खरीप व रब्बी हंगामांपूर्वी गावातील ट्रॅक्टर एका सकाळी मैदानात आणावेत. भागातील जाणत्या कारागिराला बोलवावे. निरोगी ट्रॅक्टर आणि आवाज करणारा ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे करून क्लचची परीक्षा सर्वांच्या कानांसमोर करून दाखवावी. पुढे मोकळ्या जागेत खडूच्या खुणेने ठोके मोजावेत. या मेळाव्याला मालकांबरोबर चालकांना मुद्दाम निमंत्रण द्यावे आणि त्यांना मागे उभे न करता पुढे बसवावे. कारण ऐकावयाचे त्यांनाच आहे आणि सांगावयाचेही त्यांनाच आहे. कार्यकर्त्याने स्वतः यंत्राचा निवाडा देऊ नये. त्याचे काम प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे आहे, निवाडा कारागिराचा.

बैल मुका असतो, तरी त्याचे दुखणे ओळखणारा शेतकरी या भूमीत पिढ्यान्पिढ्या होऊन गेला आहे. ट्रॅक्टर तर मुकाही नाही. तो दुखणे बोलून दाखवितो, आणि मोडण्यापूर्वी पुष्कळदा काही दिवस अगोदर बोलून दाखवितो. तेवढ्या दिवसांत त्याची चौकशी करणे, ती लिहून ठेवणे आणि ज्याने ती प्रथम सांगितली त्याचा मान राखणे, एवढे केले तरी हंगामातील कितीतरी वाफसे हातचे जाणार नाहीत. येत्या पेरणीपूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने आपल्या चालकाला एकदा शेजारी बसवून विचारावे : “ट्रॅक्टर हल्ली काही निराळे बोलतो का?” आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये.